१ बीएचकेत, जिमला न जाता हाय इंटेन्सिटी सर्किट करून खरंच स्टॅमिना वाढतो का? किती दिवसांत? (खाली शेजारी राहतात)

वाढतो. एवढंच हवं असेल तर पुढचं वाचू नका. पण तुम्ही प्रश्नात खाली लिहिलंय ना की मित्र म्हणतो घरात उड्या मारून काही होत नाही, फी भरल्याशिवाय शिस्त येत नाही, ते वाचलं आणि माझी सटकली, कारण अगदी हेच वाक्य मी २०२० पासून माझ्या दिराकडून ऐकतेय. दर गणपतीत, दर दिवाळीत.

मी डोंबिवलीत राहते, तिसरा मजला, वय ४३, रोज लोकलने सीएसएमटी. भाऊजी पुण्यात, वर्षाची जिमची फी एकदम भरतात आणि ती किती भरली हे सगळ्यांना सांगतात. लॉकडाऊनमध्ये जिम बंद पडल्या तेव्हा ते सोफ्यावर बसले आणि मी मोबाइलवर बघून सुरू केलं. व्हिडिओवर लिहिलेलं '४० मिनिटं तबाता'. पहिल्याच दिवशी दहाव्या बर्पीला (खाली बसा, पाय मागे टाका, उठा आणि उडी मारा) बेल वाजली, खालच्या काकू. "अगं, आमचा पंखा हलतोय, मला वाटलं भूकंपच झाला." मी घामाने निथळतेय, अंगात नवऱ्याचा जुना टीशर्ट, तोंडातून शब्द फुटेना. त्या दिवसापासून उड्या बंद.

आता हे ४० मिनिटं तबाता म्हणजे शुद्ध थाप आहे, हे मला वर्षभराने कळलं. इझुमी तबाता या जपानी संशोधकाचा जो अभ्यास १९९६ मध्ये आला त्यात सायकल होती, बैठका वगैरे नव्हत्या. २० सेकंद जीव तोडून मारायची, १० सेकंद थांबायचं, असे सात-आठ फेरे, म्हणजे सगळं मिळून जेमतेम ४ मिनिटं, आणि शेवटी माणूस पार संपलेला. आठवड्यातून ५ दिवस, ६ आठवडे. करणारी मुलंही खेळात मुरलेली. पद्धत मुळात जपानच्या स्पीड स्केटिंग टीमच्या कोचची. म्हणजे जे तुम्ही ४० मिनिटं करू शकता ते तबाता नाहीच, तो साधा सर्किटचा व्यायाम आहे, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, फक्त नाव खोटं लावू नका. मी जे करते त्यालाही हिट (HIIT, म्हणजे हाय इंटेन्सिटी इंटरव्हल ट्रेनिंग) म्हणायची माझी हिंमत नाही.

बर्पीचंही तसंच. रॉयल बर्पी नावाच्या अमेरिकन माणसाने १९३० च्या दशकात ती फिटनेसची चाचणी म्हणून काढली, आधी-नंतर नाडी मोजायची आणि करायच्या फक्त चार. शेवटची उडी त्यात नव्हतीच! खाली बसा, हात टेका, पाय मागे, पाय पुढे, उभे राहा. उडी आणि पुशअप नंतर लोकांनी चिकटवले. त्यामुळे खाली शेजारी असतील तर एक एक पाय मागे टाकून करा, दम तरीही लागतो, विश्वास नसेल तर १५ करून बघा आणि मग मला सांगा. (खाली कोणीतरी लिहिणारच की हे सगळं आपल्या तालमीतल्या सपाट्यांत होतं. होतं हो. तुम्ही मारता का सपाटे?)

वजनाचं म्हणाल तर मी मुलाचं जुनं दप्तर वापरते, आत ५ किलो तांदळाच्या दोन पिशव्या. एकदा वाकून ओढताना दप्तराची चेन गेली आणि आतली पिशवी फुटली, हॉलभर तांदूळ, सोफ्याखाली, टीव्हीच्या मागे. सासूबाई काही बोलल्या नाहीत, सूप घेऊन आल्या आणि निवडायला बसल्या, आणि दहा मिनिटांनी म्हणाल्या "यापेक्षा गिरणीत दळण घेऊन गेली असतीस तर कामही झालं असतं." मला राग यायला हवा होता पण हसायलाच आलं. आता पिशव्यांना बाहेरून चिकटपट्टी गुंडाळलेली असते.

हे दप्तर ओढणं (वाकून, दप्तर पोटाकडे खेचायचं) मात्र सोडू नका, कारण घरच्या व्यायामात सगळ्यात मोठी बोंब हीच आहे की ढकलायचे प्रकार ढीगभर आणि ओढायचा एकही नाही. नुसते पुशअप मारत राहिलात तर खांदे पुढे येऊ शकतात, आमचे तर कॉम्प्युटरसमोर बसून आधीच आलेत. दरवाज्यात टॉवेल अडकवून लोंबकळू नका, बिल्डिंगांचे दरवाजे त्यासाठी बनवलेले नसतात.

माझं सर्किट सहा प्रकारांचं: दप्तर पाठीला लावून बैठका, ओट्याला हात टेकून पुशअप, दप्तर ओढणं, मागे पाय टाकून लंज (गुडघे वाकवून खाली जाणं), ती बिनउडीची बर्पी आणि प्लँकमध्ये (पुशअपच्या पोझमध्ये स्थिर राहून) खांद्याला हात लावणं. ४० सेकंद काम, २० सेकंद दम, चार फेरे, २४ मिनिटं. आठवड्यातून तीनदा. जागतिक आरोग्य संघटना जोरकस व्यायाम आठवड्याला किमान ७५ मिनिटं सांगते, त्याच्या जवळपास जातं.

तर आता मुद्द्यावर येते. २०२३ च्या डिसेंबरमध्ये आमचं अख्खं खटलं कळसूबाईला गेलं, बारी गावातून. १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, पण वाट अवघड नाही, मध्ये लोखंडी शिड्या आहेत. मी आदल्या रात्री झोपले नव्हते, खरंच सांगते, परीक्षेसारखं वाटत होतं. पहिल्या शिडीपर्यंत भाऊजी पुढे होते. दुसऱ्या शिडीला ते "व्ह्यू मस्त आहे, फोटो काढतो" म्हणून थांबले. त्यानंतर प्रत्येक शिडीला व्ह्यू मस्त होता. मी वर देवीच्या देवळापाशी पोचले, दर्शन घेतलं, बसले, शेंगदाणे खाल्ले, तरी भाऊजींचा पत्ता नाही. आले तेव्हा टीशर्ट भिजलेला, ओठ कोरडे. मी काही बोलले नाही. फक्त पाण्याची बाटली पुढे केली. जाऊबाई मात्र मोठ्याने हसल्या, आणि ते भाऊजींना जास्त लागलं असणार.

इथे गोष्ट संपली असती तर बरं होतं. उतरताना माझे गुडघे गेले. अर्ध्या वाटेवर मांड्या लटपटायला लागल्या, शेवटच्या टप्प्यात मी आडवी, खेकड्यासारखी उतरत होते, आणि पुढचे तीन आठवडे लोकलमध्ये बसले की उठताना शेजारणीचा खांदा धरावा लागायचा. दुसऱ्याच दिवशी भाऊजींचा फोन. "वहिनी, लेग प्रेस केलं असतंत तर ही वेळ आली नसती." (लेग प्रेस म्हणजे जिममधलं पायांनी वजन ढकलायचं मशीन.)

त्यांचं अर्धं बरोबर होतं, हे मी इथे अनोळखी माणसाला सांगतेय, त्यांना नाही सांगणार. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेक लावत असतो, आणि मी तीन वर्षं बैठका मोजायच्या नादात धपकन खाली आणि उसळी मारून वर, अशा केल्या होत्या. दम कमावला, ब्रेक नाही कमावला. पण त्यासाठी लेग प्रेस लागत नाही हो! बैठकीत खाली जायला ३-४ सेकंद लावायचे, बिल्डिंगचे जिने चढायचे तसे सावकाश उतरायचेही. मी तेच केलं, पुढच्या वर्षी हरिश्चंद्रगड उतरले, काही झालं नाही. भाऊजी त्या ट्रेकला आले नाहीत, ऑफिसचं काम निघालं म्हणे.

किती दिवसांत, हे राहिलंच. मला जिने चढताना फरक पाचव्या-सहाव्या आठवड्यात जाणवला, वजनात म्हणाल तर वर्षभरात दोन किलो, म्हणजे जवळपास काहीच नाही, त्यासाठी ताटाकडे बघा. जास्तीत जास्त हार्ट रेट म्हणजे २२० वजा वय, हे गणित ढोबळ आहे, घड्याळाच्या मागे लागू नका, काम चालू असताना पूर्ण वाक्य बोलता येत असेल तर तुम्ही आराम करताय.

हो, आणि बीपी, शुगर, छातीत कधी दुखलं असेल तर आधी डॉक्टर. हे वर लिहायला हवं होतं. बाळंतपणानंतर उड्या मारताना थेंब थेंब गळतं अशा बायका खूप आहेत, कोणी बोलत नाही, तेव्हा बिनउडीचंच करा आणि फिजिओला दाखवा. बऱ्याच गॅपनंतर पहिल्याच दिवशी १०० बैठका मारून दुसऱ्या दिवशी लघवी चहाच्या रंगाची झाली तर घरी बसू नका, सरळ हॉस्पिटल गाठा, स्नायू तुटून किडनीवर येतं. आणि सतरंजीवर करू नका, टाइल्सवर घसरते.

खालच्यांकडे आधी स्वतः जाऊन या. आमच्या काकू सहाला फिरायला जातात आणि पावणेसातला परत येतात, ती पाऊण तासाची वेळ माझी. रविवारी त्या जात नाहीत, म्हणून रविवारी मीही करत नाही.