वाचकांचे प्रश्न : हरिभाऊंचे वाचन आणि त्यांची ऐतिहासिक कादंबरी

प्रश्न : आमच्या वाचक मंडळाने या महिन्यात ‘उषःकाल’ वाचायला घेतली आहे. हरिभाऊ आपटे यांना ऐतिहासिक कादंबरीची गोडी कशी लागली? ते स्वतः काय वाचत असत?
– एक निवृत्त शिक्षिका, पंचवटी, नाशिक

उत्तर : हरिभाऊंचा जन्म १८६४ साली आपल्या शेजारच्या खानदेशात, पारोळ्यास झाला, मात्र त्यांची जडणघडण पुण्याची. न्यू इंग्लिश स्कूलमध्ये चिपळूणकर, टिळक आणि आगरकर हे त्यांचे शिक्षक होते. चिपळूणकर १८८२ साली वारले तेव्हा या अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याने ‘शिष्यजनविलाप’ हे शोककाव्य लिहिले. पुढे आगरकरांनी ‘हॅम्लेट’चे भाषांतर ‘विकारविलसित’ या नावाने प्रसिद्ध केले, तेव्हा त्याच विद्यार्थ्याने आपल्या गुरूंच्या पुस्तकाचे विस्तृत आणि परखड परीक्षण लिहिले. विशीच्या उंबरठ्यावरचा तरुण मूळ नाटक आणि भाषांतर शेजारी शेजारी ठेवून वाचतो आणि गुरूंची भीड न धरता आपले मत मांडतो, यातच त्यांचे वाचन किती सखोल होते ते दिसते. डेक्कन कॉलेजात गेल्यावर पदवी काही पदरी पडली नाही, पण वाचन अखंड चालू राहिले.

त्यांची खरी ओढ इंग्रजी कादंबरीकडे होती. ऐतिहासिक कादंबऱ्यांसाठी गाजलेला स्कॉट, तसेच डिकन्स आणि थॅकरे तर त्यांनी वाचलेच, पण त्या काळी आपल्याकडे अतिशय लोकप्रिय असलेला रेनल्ड्सही त्यांना वर्ज्य नव्हता. १८८५ साली सुरू झालेल्या ‘मधली स्थिती’ या पहिल्या कादंबरीची कल्पना त्यांनी रेनल्ड्सच्या लंडनविषयक कादंबरीवरूनच घेतली होती. नाटकांत मोलिएरवरून ‘मारून मुटकून वैद्यबुवा’, व्हिक्टर ह्यूगोवरून ‘जयध्वज’ आणि शेक्सपिअरवरून ‘सुमतिविजय’ अशी रूपांतरे त्यांनी केली, आणि उत्तरायुष्यात रवींद्रनाथांची ‘गीतांजली’ मराठीत आणली. जे आवडले ते मराठी वाचकाच्या हाती दिल्यावाचून त्यांना राहवत नसे, असे ही यादी पाहून मला नेहमी वाटते.

मराठीत ऐतिहासिक कादंबरी त्यांच्या आधीही होती. गुंजीकरांची ‘मोचनगड’ १८७१ची. हरिभाऊंनी या प्रकारातला पहिला प्रयत्न केला तो मेडोज टेलरच्या टिपू सुलतानावरील कादंबरीच्या आधाराने, ‘म्हैसूरचा वाघ’ लिहून. ‘उषःकाल’ मात्र त्यांची स्वतःची आहे. तिच्यात स्कॉटकडून त्यांनी नेमके काय उचलले, ते आपल्या मंडळाने अवश्य पडताळून पाहावे. शिवाजी महाराजांना सतत समोर न आणता विजापूरकरांशी इमान राखणारे किल्लेदार रंगराव आप्पा आणि स्वराज्याकडे ओढला जाणारा त्यांचा मुलगा नानासाहेब यांच्या घरात त्यांनी कथानक उभे केले आहे. एका पिढीला धन्याचे मीठ मोलाचे वाटते, तर दुसरीला तेच मीठ घशाखाली उतरत नाही. राज्य बदलताना घराघरांत काय घडत असेल, हे दाखवण्याची ही रीत स्कॉटची. पण तो बाप आणि तो मुलगा अस्सल मराठी आहेत.

प्रश्न : ‘गड आला पण सिंह गेला’मधील कमलकुमारी खरी की काल्पनिक? अकरावीतल्या मुलाला ही कादंबरी इतिहास म्हणून वाचायला द्यावी का?
– एक पालक, नाशिकरोड

उत्तर : वाचायला जरूर द्यावी, पण इतिहास म्हणून नव्हे. ४ फेब्रुवारी १६७०च्या रात्री तानाजी मालुसरे यांनी कोंढाणा घेतला आणि त्या लढाईत ते पडले, एवढा गाभा इतिहासाचा आहे. गडाचा मोगल किल्लेदार उदयभानू याच्या कैदेतली रजपूत कमलकुमारी आणि तिच्याभोवती गुंफलेले कथानक हा कादंबरीचा भाग समजावा. गडावर चढणारी यशवंती घोरपड तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यातून लोकांच्या तोंडी बसली आहे. तानाजींच्या बलिदानानंतरच गडाला सिंहगड हे नाव मिळाले असेही आपण लहानपणापासून ऐकतो, परंतु ‘सिंहगड’ हे नाव १६६३ सालच्या पत्रातही आढळते.

यात हरिभाऊंना दोष देणे मात्र मला अन्यायाचे वाटते. ‘उषःकाल’ १८९५ ते १८९७ या काळात क्रमशः प्रसिद्ध झाली, आणि इतिहाससंशोधक राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड निघाला १८९८ साली. म्हणजे ती लिहिताना कादंबरीकारापुढे ग्रँट डफचा इतिहास, छापलेल्या काही बखरी, ‘काव्येतिहाससंग्रह’ या मासिकातून बाहेर आलेली कागदपत्रे आणि पोवाडे एवढीच काय ती सामग्री होती. आज आपल्याला सहज मिळणाऱ्या साधनांच्या मापाने त्यांना मोजू नये. मुलाला कादंबरी आधी मनसोक्त वाचू द्या. मग सभासदाची बखर आणि तुळशीदासाचा पोवाडा त्याच्या हाती द्या, आणि कोणती गोष्ट कुठून आली हे त्याचे त्याला शोधू द्या. या खटपटीत त्याला इतिहासाची गोडी लागण्याचा संभव पुष्कळ आहे.

प्रश्न : नोकरी सांभाळून मी थोडेफार लिहितो. हरिभाऊंनी इतके लेखन कसे केले? त्यांच्या कोणत्या कादंबरीपासून सुरुवात करावी?
– एक वाचक, सातपूर

उत्तर : लेखनावर त्यांचे पोट नव्हते. त्यांचे काका महादेव चिमणाजी आपटे यांनी स्थापन केलेल्या आनंदाश्रम संस्थेचा कारभार ते पाहत, आणि पुणे नगरपालिकेचे अध्यक्षपदही त्यांनी सांभाळले. १८९० साली त्यांनी ‘करमणूक’ हे साप्ताहिक काढले आणि दर आठवड्याला मजकूर देण्याची जबाबदारी आपल्याच शिरावर घेतली. त्या ताणातच त्यांच्या बहुतेक कादंबऱ्या लिहून झाल्या. प्रकरणाच्या शेवटी लावलेली उत्कंठा, मध्येच होणारा पाल्हाळ आणि ‘आजच’सारखी अपुरी राहिलेली कादंबरी, या सर्वांचे मूळ तिथेच आहे. आपल्यालाही ठरलेल्या दिवशी कुणाला तरी मजकूर देण्याचे बंधन घालून घेता आले, तर लिहिणे होईल.

सुरुवात ‘गड आला पण सिंह गेला’पासून करावी, कारण ती आटोपशीर आहे. त्यानंतर थेट ‘वज्राघात’ घ्यावी. विजयनगरच्या नाशाची ही कथा, त्यातले रामराजा आणि मेहेरजान, आणि बापाविरुद्ध उभा ठाकणारा रणमस्तखान हे सारे वाचले की, हरिभाऊ शेवटी शेवटी कोणत्या उंचीला पोहोचले होते ते कळते; माझ्या मते त्यांच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांत हीच सर्वश्रेष्ठ आहे. बाजारात प्रत मिळाली नाही, तर आपल्या गावातल्या १८४० साली स्थापन झालेल्या सार्वजनिक वाचनालयात चौकशी करावी, आणि संक्षिप्त आवृत्ती हाती आली तर ती परत करून पूर्ण आवृत्ती मागावी.