नऊ तारखेच्या रांगेत मनाचीही विचारपूस कर

प्रिय मुली,

नऊ तारखेच्या गरोदर मातांच्या तपासणीला आता तू एकटी बसणार. बीपी, वजन, हिमोग्लोबिन तू नीट बघशीलच. मला बोलायचंय ते मनाबद्दल.

“ताण घेऊ नकोस, बाळावर परिणाम होईल,” असं कुणाला सांगू नकोस. आधीच झोप उडालेल्या बाईला त्याने आणखी धास्ती बसते आणि वर दोषही तिच्याच माथी येतो. मोबाइलवर कॉर्टिसोलबद्दल, म्हणजे ताणात वाढणाऱ्या संप्रेरकाबद्दल, वाचून घाबरलेल्या मुली येतील. त्यांना समजावून सांग, की गरोदरपणात हे संप्रेरक वाढतंच, शेवटच्या महिन्यांत एरवीच्या दुप्पट-तिप्पट होतं. बाळाची फुफ्फुसं तयार व्हायला ते लागतं. शिवाय वारेतलं एक विकर (एन्झाइम) आईच्या कॉर्टिसोलचा बराचसा भाग निष्क्रिय करूनच पुढे जाऊ देतं. घरात एकदा वाजलं, दोन दिवस रडू आलं, म्हणून बाळाचं काही बिघडत नाही.

दोन आठवडे उलटूनही मन उदास, कशातच गोडी नाही, डोळ्याला डोळा नाही, असं असेल तर मात्र “हे दिवसच असे” म्हणून सोडू नकोस. तो आजार आहे आणि त्याला उपचार आहेत.

सासूबाई शेजारी बसल्या असतील तर उत्तर त्याच देतील, “बरी आहे हो, खातेपिते.” त्यांना गोळ्या आणायला खिडकीवर पाठव. बीपीचा पट्टा सोडता सोडता हळूच विचार, “पहाटे जाग येते का गं? मग काय काय मनात येतं?” आणि गप्प राहा. रांग कितीही मोठी असो, ते एक मिनिट तिचं आहे. घरी मारहाण होते का, हेही तेव्हाच कळतं.

गरोदर बाया आणि बाळंतिणींमधलं नैराश्य ओळखायला 1987 पासून वापरात असलेल्या एडिनबर्ग प्रश्नावलीत दहा प्रश्न आहेत. दहावा जिवाचं बरंवाईट करून घेण्याच्या विचाराबद्दल आहे. तो विचारायला कचरू नकोस, विचारल्याने तसा विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर “हो” आलं तर तिला एकटी घरी धाडू नकोस, त्याच वेळी डॉक्टरांना बोलाव.

आधीपासून मनाच्या गोळ्या चालू असतील तर दिवस राहिल्याचं कळताच कुणी त्या परस्पर बंद करू नयेत. गरोदरपणात चालणारी औषधं आहेत, ते मानसोपचारतज्ज्ञ ठरवतील. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा नंबर कार्डाच्या मागे लिहून दे. तो मोफत आहे आणि रात्रीही लागतो. जिच्याबद्दल मनात शंका राहील, तिच्याकडे त्याच आठवड्यात आशाताईंना पाठव.

तुझी,
ताई