उसण भरली, गोळी कोणती?

प्रश्न : गव्हाचं पोतं सरकवताना यजमानांच्या (वय ४४) कमरेत उसण भरली. दुकानातून ‘कमर की गोली’ मागून आणली. गोळ्यांच्या पत्त्यावर (पाकिटावर) ॲसिक्लोफेनॅक १०० आणि थायोकोल्चिकोसाइड ४ मि.ग्रॅ. लिहिलंय. सकाळ-संध्याकाळ घेताहेत, दहा दिवस झाले. दुखणं उतरलंय, पण वाकताना ओढ बसते. अजून किती दिवस घ्यावी? माझी मान आखडली आहे, उरलेल्या गोळ्या मी घेऊ का? बाळ पाच महिन्यांचं आहे, अंगावर पितं.
— एक वाचक, लोकमान्यनगर, इंदूर

उत्तर : आधी तुमचं. यातली एकही गोळी घेऊ नका. थायोकोल्चिकोसाइडपासून शरीरात तयार होणारा एक पदार्थ पेशी विभागताना गुणसूत्रांची वाटणी बिघडवू शकतो. म्हणून २०१३ साली युरोपच्या औषध नियामकांनी या औषधाला मर्यादा घातल्या : तोंडाने घ्यायचं तर जास्तीत जास्त सात दिवस, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना नाही, सोळा वर्षांखाली नाही. मानेला टॉवेलमधून पंधरा-वीस मिनिटं शेक द्या. लागलीच तर पॅरासिटॅमॉल ५०० मि.ग्रॅ. पाजत असतानाही चालते.

यजमानांनी आता गोळी थांबवावी. सात दिवस उलटून गेलेत. थायोकोल्चिकोसाइडसारखी स्नायू सैल करणारी औषधं आखडलेल्या स्नायूपर्यंत जाऊन त्याला सैल करत नाहीत, मेंदू आणि मज्जारज्जूतून येणारा हुकूम मंद करतात. म्हणून अनेकांना सुस्ती येते, आणि उरलेली ओढ आणखी गोळ्यांनी लवकर जात नाही. ती जाते हालचालीने. अंथरुणातून उठताना सरळ उठू नये : आधी कुशीवर वळावं, पाय खाली सोडावेत, मग हाताने रेटा देऊन बसावं. झोपताना गुडघ्यांखाली उशी. दिवसातून तीन-चार वेळा दहा मिनिटं चालणं. पोतं मात्र अजून काही आठवडे दुसऱ्याने उचलावं.

ॲसिक्लोफेनॅक हे वेदनाशामक चालू असताना वर त्याच जातीची दुसरी वेदनाशामक गोळी घेतली, तर पोटात जळजळ, अल्सर आणि मूत्रपिंडावर ताण. पत्ता उलटून बघण्याची सवय लावा. पुष्कळ गोळ्यांत तिसरं औषध पॅरासिटॅमॉल असतं आणि लोक तापासाठी तीच पुन्हा घेतात.

आणखी एक गोष्ट, कारण इंदूरात ती सहज घडू शकते. दुकानदार कधी टिझॅनिडिन या स्नायू सैल करणाऱ्या दुसऱ्या औषधाची गोळी देतो. सराफ्यावर (रात्रीच्या खाऊबाजारात) खाऊन पोट बिघडलं म्हणून त्यावर सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक घेतलं, तर टिझॅनिडिन रक्तात कितीतरी पटींनी वाढतं, रक्तदाब कोसळतो, माणूस उभा राहता राहता पडतो. ही दोन औषधं एकत्र कधीच घ्यायची नाहीत. टिझॅनिडिन घेऊन स्कूटर चालवू नये, दारू तर नाहीच.

पायात जोर कमी झाला, लघवी तुंबली किंवा बसण्याची जागा बधिर झाली, तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जा. ही उसण नव्हे.

प्रश्न : सासूबाईंच्या (७१) पोटरीत रात्री गोळा येतो. रक्तदाबाची गोळी चालू आहे. ‘कमर की गोली’ देऊ का?
— एक वाचक, रामबाग

उत्तर : नको. पोटरीतला गोळा म्हणजे उसण नव्हे. या वयात अशा औषधाने रात्री उठताना तोल जातो, आणि खुब्याचं हाड मोडलं की महिने जातात. गोळा आला की गुडघा सरळ ठेवून पावलाची बोटं नडगीकडे ओढा, वीस-तीस सेकंद. झोपण्याआधी भिंतीला हात टेकून, टाचा न उचलता पोटऱ्या ताणा. रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध आहे का, हे डॉक्टरांना विचारा. असेल तर पोटॅशियम आणि मॅग्नेशियम तपासून घ्या.

प्रश्न : पक्षाघातानंतर वडिलांच्या हाताचा ताठरपणा कमी व्हावा म्हणून बॅक्लोफेन १० मि.ग्रॅ. दिवसातून तीनदा चालू आहे. आता बरं वाटतंय, बंद करू का?
— एक वाचक, सुदामानगर

उत्तर : एकदम मुळीच नको. अचानक सुटलं तर भ्रम, झटके आणि पूर्वीपेक्षा जास्त ताठरपणा येऊ शकतो. डॉक्टरच ते आठवड्या-दोन आठवड्यांत टप्प्याटप्प्याने उतरवतील. गावाला जाताना पुरेशा गोळ्या बरोबर ठेवा, आणि मूत्रपिंडाचा त्रास असेल तर तो आधीच सांगा. हे औषध मुख्यतः लघवीवाटेच बाहेर पडतं.