कैलासपतीचं झाड मूळचं दक्षिण अमेरिकेतलं आहे म्हणतात. मग त्याच्या फुलात शंकराची पिंड आणि नाग कसा काय?

हो, तिकडचंच आहे. गयाना, ब्राझीलचा भाग आणि वर मध्य अमेरिकेपर्यंतचं. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ ओब्ले यांनी १७७५ साली त्याची शास्त्रीय नोंद केली. ब्राझील नटचं झाड याच्याच कुळातलं. तेव्हा ‘वेदकाळापासून हिमालयात उगवणारा दिव्य वृक्ष’ असं कोणी पाठवलं तर सरळ पुसून टाका. ३६ वर्षांनी फुलणाऱ्या ‘नागपुष्पा’चा फोटोही याच जातकुळीतला. त्या फोटोत फूल नाहीच, समुद्रात राहणारा सी पेन नावाचा प्राणी आहे.

आता पिंड आणि नाग. फूल हातात घेऊन बघितलंत तर प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथेच मिळतं. सहा जाड, मांसल पाकळ्या, बाहेरून पिवळसर, आतून लालभडक. मधोमध बुटक्या पुंकेसरांचं गच्च कडं, आणि त्या कड्याच्या मध्यभागी एक छोटासा उंचवटा, म्हणजे पिंड. कड्याच्या एका बाजूने एक जाडसर पट्टी निघते आणि वळून थेट त्या उंचवट्यावर छत्र धरते. तिच्या आतल्या अंगाला गुलाबी केसर दाटीने लोंबत असतात. हा नाग. बोटाने फणा हळूच वर उचलला तर तो रबरासारखा ताणला जातो आणि सोडला की परत जागेवर. शंकराच्या देवळात वाढलेल्या कोणालाही दुसरं काही दिसणं कठीणच.

झाडाचा हिशेब मात्र वेगळा आहे. या फुलात मध नसतो. भुंगा येतो तो परागासाठी, आणि झाडाने परागाचे दोन साठे ठेवलेत. फण्यातला पराग निव्वळ खाण्यासाठी, त्यातून बी धरत नाही. कड्यातला पराग खरा, बी धरणारा. भुंगा फण्यातलं खाण्यात गुंगतो तेवढ्यात कड्यातला पराग त्याच्या अंगाला चिकटतो आणि पुढच्या फुलावर पोचतो. म्हणजे ज्याला आपण नाग म्हणतो ते भुंग्यासाठी वाढलेलं ताट आहे.

आमच्या घरात यावरून एकदा रंगलेलं बोलणं आठवतं. तामिळनाडूच्या देवदर्शनाला सगळे गेलो होतो. एका देवळाच्या आवारात हे झाड होतं, बुंध्यावरूनच दोरखंडासारख्या फांद्या लोंबत होत्या आणि फुलं त्यांनाच लागलेली. आजीने खाली पडलेलं एक फूल उचललं, डोळ्यांना लावलं आणि रुमालात गुंडाळून ठेवलं. आत्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. तिला राहवेना. म्हणाली, “आई, हे झाड आपलं नाही गं, अमेरिकेतून आणलेलं आहे.” आजी म्हणाली, “मग? जावई पण परमुलखातलाच आणलास की तू. त्याला काय दाराबाहेर ठेवला मी?” आत्याचे यजमान शेजारीच उभे होते. ते जे हसत सुटले की पुजारी वळून बघायला लागले.

आजीचं म्हणणं मला अजूनही बिनतोड वाटतं. दसऱ्याला ज्याचं तोरण बांधतो तो झेंडू मेक्सिकोचा. देवाला वाहतो तो पांढरा खुरचाफा मध्य अमेरिकेकडचा. आणि उपासाच्या ताटाबद्दल तर बोलायलाच नको. साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो कसावा, बटाटा, रताळं, शेंगदाणा, हिरवी मिरची, सगळी मंडळी अमेरिकेतून आलेली. एकादशीचं पुण्य त्यामुळे कमी झाल्याचं ऐकिवात नाही. झाड बाहेरचं आहे हे कळल्यावर ज्यांची श्रद्धा डळमळते आणि जे ते मान्यच न करता हिमालयाच्या गोष्टी रचतात, त्या दोघांचीही मला गंमत वाटते.

गोष्ट इथे संपत नाही. पुढे श्रीलंकेत गेलो तेव्हा एका बौद्ध विहारात हेच झाड, हीच फुलं. तिथे त्याला साल म्हणतात. गौतम बुद्धांचं महापरिनिर्वाण कुशीनगरला दोन सालवृक्षांच्या मध्ये झालं असं मानतात, म्हणून विहारात साल हवा. तो मूळचा साल मात्र उत्तर भारतातला, इमारती लाकडाचा आणि दिसायला पूर्णपणे वेगळा. नावाच्या या गोंधळात दक्षिण अमेरिकेच्या झाडाला विहारात जागा मिळाली. तिथल्या एका वयस्कर गृहस्थांनी मला फूल उघडून दाखवलं आणि मधला उंचवटा म्हणजे स्तूप, असं सांगितलं. मी मान डोलावली. त्यांना काय पिंड समजावत बसायचं! आणि खरं सांगायचं तर त्यांनी दाखवल्यावर मलाही स्तूप दिसला.

बघायचं असेल तर मुंबईत राणीच्या बागेत जा, शक्यतो सकाळी लवकर. फूल एकच दिवस टिकतं आणि वास पहाटे सगळ्यात जास्त असतो. खोडावरची तोडू नका, खाली भरपूर पडलेली असतात. वर तपकिरी गोल फळं लोंबत असतील तर बुंध्याशी फार वेळ रेंगाळू नका. ती नारळापेक्षाही मोठी होतात, पिकायला वर्षभर किंवा त्याहून जास्त लागतं आणि पडताना सूचना देत नाहीत. पडून फुटलेलं फळ सापडलं तर जरूर बघा. आतला पांढरा गर हवा लागली की बघता बघता निळसर हिरवा होतो. नाकाला रुमाल लावूनच वाका. फुलाचा वास जितका गोड, तितकाच या गराचा भयंकर.