किमतीत माझा पगार कुठे आहे?

"माल खरा आहे, लोक कौतुक करतात, तरी दर महिन्याला घरातून पैसे घालावे लागतात. भाव वाढवायला मन धजत नाही. बंद करावं तर कारागिरांचं काय? माझंच काही चुकतंय का?"

बांबूच्या टोपल्या, मातीची भांडी, हातमागाचं कापड, घाण्याचं तेल अशा आपल्याच भागात बनलेल्या वस्तूंचं छोटं दुकान चालवणारी माणसं माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात, तेव्हा शब्द थोडे बदलतात, प्रश्न हाच असतो. त्यांत बायका जास्त असतात. उत्तर म्हणून एक अनुभव सांगते. ज्यांचा आहे त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. त्यांना सगळे 'वहिनी' म्हणायचे. इथेही तेच म्हणते.

वहिनी शेहेचाळीस वर्षांच्या. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी त्यांचं दुकान. 2018 च्या मार्चमध्ये राज्यात प्लास्टिकबंदी आली, तेव्हा बचत गटाच्या बायकांकडून जुन्या साड्यांच्या पिशव्या शिवून घेऊन त्यांनी घराच्या ओसरीवर विकायला सुरुवात केली. मग आजऱ्याचा घनसाळ तांदूळ आला, बुरडाची सुपं आणि रोवळ्या आल्या, कुंभाराचे माठ आले, सणगरांच्या घोंगड्या आल्या. ओसरी पुरेना, तेव्हा बाजारपेठेत गाळा घेतला.

माझ्याकडे त्या दुकानासाठी आल्याच नव्हत्या. पहाटे तीनला जाग यायची आणि मग डोळा लागायचा नाही, म्हणून डॉक्टरांनी थायरॉइड, साखर सगळं तपासून माझ्याकडे पाठवलं होतं. झोप उडालेल्या माणसाला मी पहिल्या भेटीतच एक गोष्ट सरळ विचारते: जगणं नको असं वाटतं का? वहिनी म्हणाल्या, "तसं नाही वाटत. पण दुकान आपोआप बंद पडावं असं वाटतं. गाळामालकानं काढावं, नाहीतर पुरात जावं. म्हणजे मी बंद केलं असं होणार नाही." (ज्यांना जगणंच नको वाटत असेल त्यांनी थांबू नये. 14416 हा टेली-मानसचा सरकारी क्रमांक आहे, तिथे कुठल्याही वेळी, मराठीतही बोलता येतं.)

पहिल्याच भेटीत माझ्या हातून एक चूक झाली. मला अशा कामाबद्दल मनापासून आदर आहे. मी तो बोलून दाखवला. "केवढं मोठं काम करताय तुम्ही, किती घरं त्यावर चालतात," असं म्हणाले. त्या रडल्या. मला वाटलं, मोकळ्या झाल्या. पुढच्या आठवड्यात त्यांनीच सांगितलं की त्या रात्री अजिबात झोप आली नाही. जे ओझं उतरवायला त्या आल्या होत्या, त्यावर मी आणखी एक वीट ठेवली होती. तेव्हापासून कौतुक करण्याआधी मी थांबते.

दुसऱ्या भेटीत मी विचारलं, दुकानात नेमकं कुठल्या क्षणी छातीत धडधडतं? त्या म्हणाल्या, "गिऱ्हाईक वस्तू हातात घेऊन चिठ्ठीवरची किंमत वाचतं ना, तेव्हा. कान गरम होतात. आणि माझ्या तोंडून आपोआप येतं, घ्या ना, दहा-वीस कमी करते."

"त्यांनी मागितलेले असतात?"

"नाही. बऱ्याचदा ते काही बोललेलेच नसतात."

इथून धागा सापडला. भाव करणारं गिऱ्हाईक दारात येण्याआधीच वहिनींच्या मनात बसलेलं होतं.

मी त्यांना हिशेबाची वही आणायला सांगितली. समुपदेशकाने वही कशाला बघायची, असं कुणाला वाटेल. मी हिशेबनीस नाही, आणि खरा हिशेब जाणकाराकडूनच तपासून घ्यावा. पण पैशाची चिंता आकड्यांवाचून नुसती धुक्यासारखी पसरते, आणि धुक्याशी बोलता येत नाही. वहीत महिन्याचा खर्च होता: भाडं 12,000, मदतीला असलेल्या मुलीचे 8,000, वीज आणि फोन 2,500, बांधाबांध आणि वाहतूक 4,500. एकूण 27,000. विक्री साधारण 85,000. वहिनी शंभराला आणलेली वस्तू एकशेतीसला लावायच्या.

"म्हणजे तीस टक्के सुटतात," त्या म्हणाल्या. "85,000 चे तीस टक्के 25,500. जेमतेम भागायला हवं की नाही? पण भागत नाही. पैसे कुठे जातात कळत नाही. मलाच व्यवहार जमत नाही."

एकशेतीसच्या विक्रीत तीस रुपये सुटतात. ते विक्रीच्या तीस टक्के नसतात, तेवीस असतात. 85,000 वर सुटत होते फार तर 19,600, आणि न मागता दिलेली सूट धरली तर त्याहून कमी. महिन्याला सात-साडेसात हजारांचा खड्डा, वर्षाला नव्वद हजारांच्या आसपास. पैसे कुठेही गळत नव्हते. ते मुळात आलेलेच नव्हते. खरेदीवर चढवलेले टक्के आणि विक्रीतून सुटणारे टक्के यांची गल्लत फार जण करतात, त्यात हुशारीचा प्रश्न नाही. पण वहिनींनी तीन वर्षं त्या खड्ड्याला स्वतःचं नाव दिलं होतं.

आणि त्या 27,000 मध्ये एक ओळ नव्हतीच. सकाळी नऊ ते रात्री साडेआठ त्या स्वतः दुकानात उभ्या असायच्या. त्यांचा पगार?

"माझा कसला पगार! सेवा म्हणून करतेय मी."

सेवा हा शब्द त्यांच्याकडे वडिलांकडून आला होता. वडिलांची उमर खादी भांडारात गेली. घरात एक वाक्य कायम असायचं: सेवेत नफा बघायचा नाही. वहिनींनी त्यात हळूहळू आपले 'च' घातले. भाव सगळ्यांना परवडलाच पाहिजे. कारागिराला मी कधी नाही म्हणताच कामा नये. दुकान चाललंच पाहिजे, नाहीतर मी वडिलांची मुलगी शोभत नाही. अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती शिकलेले आम्ही लोक या 'च'वर कान ठेवून असतो. इंग्रजीत तो वेगळ्या शब्दांत शोधावा लागतो. मराठीत एका अक्षरात सापडतो. 'भाव परवडावा' ही इच्छा आहे, ती माणसाला कामाला लावते. 'परवडलाच पाहिजे' हा हुकूम आहे, आणि तो मोडला की गुन्हेगार आपणच.

मी वाद घातला नाही. विचारलं, वडील आहेत ना? त्यांना सांगितलंय का हे सगळं?

सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही नव्हतं. सोन्याच्या दोन पाटल्या तारण ठेवून गाळ्याचं भाडं भरलं होतं, तेही कुणाला माहीत नव्हतं. नवरा एकदा सहज म्हणून गेला होता, "तिची हौस आहे." तो शब्द त्यांना इतका लागला की त्यानंतर दुकानाबद्दल घरात फक्त चांगलंच सांगायचं, असं ठरवून टाकलं. पहाटे तीनला त्यांना जागं करत होतं ते हेच गुपित. नवऱ्याला सांगायचं ठरवण्यातच दोन भेटी गेल्या. सांगितल्यावर तो चिडला, चार दिवस बोलला नाही, मग सराफाकडे स्वतः गेला. घरात पूर्ण शांतता झाली असं नाही. पण त्या आठवड्यात वहिनी दोन रात्री पाचपर्यंत झोपल्या.

वडिलांशी बोलल्या त्या दिवाळीला. ते संभाषण त्यांनी मला जसंच्या तसं करून दाखवलं. ऐंशी पार केलेले ते गृहस्थ आधी चकितच झाले.

"फुकट? अगं, मला पगार होता की. महिन्याच्या महिन्याला. थोडा होता, पण होता. तुझी फी त्यातनंच भरली."

"पण नफा बघायचा नाही म्हणायचा तुम्ही."

"नफा वेगळा आणि खर्च वेगळा. भाव काय मी मनानं लावत नव्हतो. कॉस्ट चार्ट यायचा आमच्याकडं. सूत, विणाई, धुलाई, संस्थेचा खर्च, सगळं मांडलेलं. माझा पगार त्याच्यातच बसलेला."

मग त्यांनी लेकीला एक जुनी हकिगत सांगितली, आणि ती इतिहासातही तशीच आहे. 1935 साली गांधीजींनी खादीचं काम पाहणाऱ्या चरखा संघाकडे आग्रह धरला की कातणाऱ्या बाईला पोटापुरती मजुरी मिळालीच पाहिजे. आठ तासांच्या कामाला आठ आणे, ही त्यांची अपेक्षा. खादी महाग होईल, कोण घेईल, ही भीती कार्यकर्त्यांनी तेव्हाही बोलून दाखवली. आठ आण्यांपर्यंत मजुरी पोचली नाही, पण वाढली, आणि खादीचा भाव चढला.

वहिनी मला म्हणाल्या, "मॅडम, मी त्यांचं अर्धंच वाक्य घेऊन बसले होते."

दुसरा धक्का बुरूड काकांकडून बसला. पावसाळ्यात दुकानातल्या सुपांवर आणि टोपल्यांवर पांढरी बुरशी धरायची, काहींतून भुंग्याने पोखरलेली पूड गळायची. हा माल वहिनी रोख पैसे देऊन घ्यायच्या आणि मुकाट्यानं फेकायच्या. परत कसा करायचा? काकांचं घर आपल्यावर आहे ना. मी त्यांना फक्त विचारून यायला सांगितलं: वर्षभरात काकांचा माल कुठे कुठे जातो? काका म्हणाले, निम्म्याहून जास्त आठवडी बाजारात, त्यानंतर लग्नसराई. "तुमच्याकडं येतं ते थोडंच वैनी. पण तुम्ही किंमत पाडून मागत नाही, म्हणून चांगलं कामाचं तुम्हाला देतो." आणि बुरशीचं ऐकल्यावर म्हणाले, आधी सांगायचं की, पावसाच्या आधी आणूच नका, नाहीतर चुलीच्या धुरावर धरून देतो.

हे ऐकून वहिनींना हलकं वाटायला हवं होतं. त्या खट्टू झाल्या. आपल्यावाचून कुणाचं अडत नाही, हे कळणं सोपं नसतं. विशेषतः त्याच विश्वासावर तीन वर्षं झोप घालवलेली असताना. तो सगळा तास आम्ही त्या खट्टू होण्यासाठीच ठेवला. मी घाई केली नाही. शेवटी त्या स्वतःच म्हणाल्या की काकांना त्या गरीब समजत होत्या, आणि काका त्यांना गिऱ्हाईक समजत होते, चांगलं गिऱ्हाईक.

सरावाचा भाग सांगते, कारण तो कुणालाही करता येईल. एक सूप माझ्या खोलीत होतं. मी गिऱ्हाईक व्हायची, सूप उलटंपालटं करायची, "केवढ्याला?" विचारायची. वहिनींनी किंमत सांगायची आणि मनात दहा आकडे मोजेपर्यंत गप्प राहायचं. पहिल्या वेळी त्या चारवर "पण..." म्हणाल्या. मी कपाळाला आठ्या घालायची, सूप खाली ठेवायची, "ऑनलाइन यापेक्षा स्वस्त मिळतं" म्हणायची. त्यावर त्यांनी एकच खरं वाक्य बोलायचं: "हे इथल्या बांबूचं आहे, काठ सुटला तर पुन्हा बांधून देतो." आणि पुन्हा गप्प.

दुकानात पहिल्यांदा हे केलं त्या दिवशी गिऱ्हाईक निघून गेलं. त्या संध्याकाळी त्यांनी मला निरोप पाठवला, की हे जमणार नाही. तिसऱ्या दिवशी एका बाईंनी घोंगडी पाहिली, किंमत ऐकली, आणि त्या गप्प राहिलेल्या वेळात विचारलं, "ही कडक का लागते?" वहिनींनी सांगितलं की दख्खनी मेंढीची लोकर आहे, विणताना चिंचोक्याची खळ लावतात, वापरून मऊ होते. सूट देण्याच्या गडबडीत हे सांगायला आजवर जागाच मिळाली नव्हती. घोंगडी त्या दिवशी गेली नाही. आठवड्यानं त्याच बाई नवऱ्याला घेऊन आल्या.

भाव सगळ्यांचे सारखे वाढवले नाहीत. पिशव्या तशाच ठेवल्या. घोंगडी, माठ, बांबू यांवर शंभराला एकशेसाठच्या आसपास गेल्या. बचत गटाच्या ज्या वस्तू वर्षभर पडून राहायच्या त्या 'विकल्यावर पैसे' या बोलीवर ठेवल्या. हे सांगायला त्यांना तीन आठवडे लागले आणि एक बाई रागावून माल घेऊन गेली. ती अजून बोलत नाही. ते दुःख वहिनींना आहे आणि ते मी घालवायचा प्रयत्न केला नाही. 'मला वाईट वाटतंय' आणि 'मी वाईट आहे' यांच्यात जे अंतर आहे, तेवढं त्यांना दिसू लागलं होतं.

बंद करायचं का, हा प्रश्नही आम्ही टाळला नाही. ज्यांना हा प्रश्न पडतो त्यांना मी आग्रहानं सांगते, तो मोठ्यानं विचारा. बंद करण्याची तारीख आणि कारण कागदावर लिहून ठेवता आलं, की रोज रात्री तो निर्णय घ्यावा लागत नाही. वहिनींनी लिहिलं: अमुक महिन्यापर्यंत पगाराची ओळ भरली नाही, तर गाळा सोडून पुन्हा ओसरीवर. ओसरी म्हणजे हार नव्हे, हे त्यांनी स्वतःच पुढे जोडलं. मग मदतीची मुलगी अर्धा दिवस येऊ लागली, सोमवारी दुकान बंद राहू लागलं.

अलीकडे त्या भेटल्या. झोप बरी आहे, पौर्णिमेला मात्र का कोण जाणे, जाग येते म्हणाल्या. वही सोबत होती. खर्चात सगळ्यात वर आता त्यांच्या हातची ओळ असते, 'माझा पगार'. एका महिन्यात 5,000, दुसऱ्यात 4,200, दिवाळीच्या महिन्यात 11,000. आषाढात पाऊस एवढा होता की आठवडाभर बाजारच भरला नाही. त्या महिन्यात त्यांनी तिथे शून्य लिहिलं होतं. ओळ खोडली नव्हती.