अण्णांचं घड्याळ आणि जाऊबाईंची धास्ती

प्रश्न : २०१९च्या पुरात सांगलीतलं घर सोडताना आमच्या सासऱ्यांनी, अण्णांनी, भडंगाचा डबा आणि बंद पडलेलं भिंतीवरचं घड्याळ तेवढं उचललं. कागदपत्रं राहिली! अशा आठवणी लिहितेय, पण जाऊबाई म्हणतात, घराण्याचं हसं होईल. काय करू?

उत्तर : ताई, लिहा. जाऊबाईंनाच आधी वाचायला द्या. त्या चुका काढतील, त्यातून आणखी दोन किस्से निघतील.

तुमच्या लिखाणातलं ‘अण्णा विक्षिप्त होते’ हे वाक्य मात्र खोडा. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पुराची इशारा पातळी ४० फूट, धोक्याची ४५. त्या वर्षी पाणी ५७ फुटांवर गेलं. पाणी चढताना अण्णा काय काय म्हणत होते, ते त्यांच्याच शब्दांत लिहा. चाळीस फुटांना ‘चहा टाका’ म्हणाले असतील, तर तेवढंच. हसायचं की नाही ते वाचक बघेल. घड्याळ बंद होतं हे आधीच फोडू नका. बोटीत कुणी वेळ विचारली असेल, तिथं सांगा.

आणि तुम्ही स्वतः काय उचललंत? पत्रात ते शिताफीनं टाळलंय. स्वतःला वगळून सासरबद्दल लिहिलं, तर ती निव्वळ चहाडी. (मला तर दाट संशय आहे, लोणच्याची बरणी!)

जाऊबाईंचं माहेर तूर्त दुसऱ्या भागासाठी राखून ठेवा.