टेलिकॉम कंपन्यांकडे सगळा डेटा असताना डिजिटल वापराची सरकारी पाहणी घरोघर जाऊन का करतात?

तुमचे प्रश्न दोन आहेत. कंपन्यांकडे माहिती पडून असताना घरांना आणि धंद्यांना विचारत फिरायचं कशाला, आणि असा माणूस आपल्या दारात आला तर त्याला खरं सांगावं का. मी बरीच वर्षं पाहण्यांच्या कामात काढली, आधी दारोदार फिरून, मग टेबलावर बसून प्रश्नावल्या तपासत. त्यामुळे पहिल्या प्रश्नावर जरा जास्तच बोलणार आहे.

टेलिकॉम कंपनीला सिम दिसतं, माणूस दिसत नाही. कुणाच्या खिशात दोन सिम असतात, तर कुठे एकच फोन घरातले चौघं वापरतात. जगात मोबाइल जोडण्या माणसांपेक्षा जास्त आहेत, पण आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या, म्हणजे आयटीयूच्या २०२४ च्या अहवालात इंटरनेट वापरणारी लोकसंख्या ६८ टक्केच धरली होती. आणि जो वापरतच नाही, तो इंटरनेट कंपनीच्या नोंदीत येणार कसा? धोरण आखणाऱ्याला तर नेमकं त्याच्याबद्दलच जाणून घ्यायचं असतं. परवडत नाही, जमत नाही, गरज वाटत नाही, की घरचेच फोन हातात देत नाहीत? हे त्या माणसालाच विचारावं लागतं. तेही समोर जाऊन किंवा फोनवर. नेटवर फॉर्म टाकून ‘तुम्ही नेट वापरता का’ विचारलं, तर शंभरातले शंभर ‘हो’च म्हणणार.

आता विचारायचं कसं, इथे खरी मेख आहे. एका घरी आजोबांनी मला ठामपणे सांगितलं, ‘इंटरनेट वगैरे आम्ही वापरत नाही.’ हातातल्या फोनवर कीर्तनाचा व्हिडिओ चालू होता! ते खोटं बोलत नव्हते. त्यांच्या लेखी इंटरनेट म्हणजे कॉम्प्युटरवर बसून करायचं काहीतरी. म्हणून चांगल्या प्रश्नावलीत नुसता ‘इंटरनेट’ हा शब्द टाकून मोकळं होत नाहीत. गेल्या ३ महिन्यांत मेसेज पाठवला का, व्हिडिओ पाहिला का, पैसे भरले का, असं एकेक कृती घेऊन विचारतात. साधन कोणतंही चालतं, जागाही कोणतीही चालते. कौशल्याचंही तसंच. ‘तुम्हाला कॉम्प्युटर येतो का?’ याला तरुण मुलगा उगाच ‘हो’ म्हणतो आणि रोज हिशेब टाकणारी बाई ‘थोडाफार’ म्हणते. त्यापेक्षा फाइल कॉपी केली का, ईमेलला काही जोडून पाठवलं का, हे विचारलेलं बरं.

उत्तर कोण देतं हेही तितकंच महत्त्वाचं. दार उघडणारा कर्ता पुरुष सगळ्यांच्या वतीने बोलायला एका पायावर तयार असतो. पण सुनेच्या फोनवर काय चालतं हे त्याला माहीत नसतं, आणि माहीत असलं तरी तो सांगेलच असं नाही. म्हणून ‘घरात इंटरनेट आहे का’ हा घराचा प्रश्न आणि ‘तुम्ही वापरता का’ हा व्यक्तीचा प्रश्न वेगळे ठेवतात. व्यक्तीच्या भागासाठी अनेक पाहण्यांत घरातल्या एकाच माणसाची चिठ्ठी निघावी तशी निवड होते आणि त्यालाच विचारायचं असतं. तो संध्याकाळी घरी येणार असेल तर संध्याकाळी पुन्हा जायचं. निम्मा पगार त्या दुसऱ्या फेरीचाच असतो म्हणा ना.

धंद्यांच्या पाहणीत अडचण निराळी. फॉर्म पोचतो हिशेबनिसाच्या टेबलावर आणि त्यात विचारलेलं असतं क्लाउडबद्दल, म्हणजे आपल्या कॉम्प्युटरऐवजी इंटरनेटवरून वापरायच्या सेवांबद्दल. मी पाहिलेल्या एका फॉर्मवर ‘क्लाउड सेवा घेत नाही’ अशी खूण होती, आणि त्या ऑफिसचं हिशेबाचं सॉफ्टवेअरच क्लाउडवर चालणारं होतं. ई-कॉमर्सची व्याख्या तर भल्याभल्यांना चकवते. ओईसीडी या मुख्यतः विकसित देशांच्या आर्थिक संघटनेच्या व्याख्येत ऑर्डर कशी नोंदवली एवढंच बघतात. पैसे रोख दिले, माल टेम्पोने आला, तरी वेबसाइटवरून नोंदवलेली ऑर्डर ई-कॉमर्स ठरते. हाताने टाइप केलेल्या ईमेलवर आलेली मोठी ऑर्डर मात्र त्यात धरत नाहीत.

आकडा वाचताना कुणाला विचारलं हे आधी बघा. युरोस्टॅटच्या, म्हणजे युरोपीय संघाच्या सांख्यिकी कार्यालयाच्या पाहणीत एआय वापरणारे उद्योग २०२३ मध्ये ८ टक्के होते, २०२४ मध्ये १३.५ टक्के झाले. अमेरिकेच्या सेन्सस ब्युरोच्या पाहणीत सप्टेंबर २०२३ ला ३.७ आणि फेब्रुवारी २०२४ ला ५.४ टक्के. यावरून ‘अमेरिका मागे पडली’ असा मथळा कुणीही ठोकून देईल. पण युरोपच्या आकड्यात १० पेक्षा कमी माणसांचे उद्योग नाहीतच, अमेरिकेच्या पाहणीत ते आहेत, आणि तिथे प्रश्न होता गेल्या दोन आठवड्यांत माल किंवा सेवा तयार करताना एआय वापरलं का. लहान धंदे संख्येने प्रचंड असतात आणि बहुतेकांची उत्तरं ‘नाही’ असतात. त्यांना आत घेतलं की टक्का खाली येतोच. हे दोन आकडे शेजारी मांडायचेच नाहीत.

प्रश्नाचे शब्द बदलले की जुन्या वर्षांशी तुलना तुटते, म्हणून सांख्यिकीवाले एकेका शब्दाला चिकटून बसतात. त्यांना हट्टी म्हणतात, मीही म्हणायचो.

दुसरा प्रश्न सोपा आहे. खरं सांगा. संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने १९९४ मध्ये मान्य केलेल्या आणि २०१४ मध्ये आमसभेने उचलून धरलेल्या तत्त्वांत स्पष्ट आहे, की एकेकट्याची माहिती गोपनीय ठेवायची आणि फक्त आकडेवारीसाठीच वापरायची. माणसाचं ओळखपत्र जरूर मागा, त्याला राग येत नाही. तुम्ही ऑनलाइन पैसे भरता का, हे तो विचारेल. पिन, पासवर्ड किंवा ओटीपी मागितला तर तो पाहणीवाला नाही, दार लावून घ्या.